गेस्ट टेबलावर रडायला लागला तर? स्पामध्ये नव्याने लागणाऱ्यांसाठी

कामाला लागून मला तिसरा महिना होता. कळंगुटजवळचं हॉटेल, ऑक्टोबर नुकता लागलेला, सीझनची पहिली गर्दी. पन्नाशीच्या एक बाई टेबलावर पालथ्या झोपल्या होत्या. टेबलाला तोंडासाठी जे भोक असतं, त्याच्या खाली आम्ही पितळेच्या वाटीत पाणी आणि चाफ्याची फुलं ठेवायचो. डोळे उघडले तर जमिनीऐवजी काहीतरी बरं दिसावं म्हणून. पाठीवर तेल फिरवताना टप् असा आवाज आला. थोड्या वेळाने परत आला. मला वाटलं एसी गळतोय. वर पाहिलं, मग वाकून खाली पाहिलं, तर वाटीतल्या पाण्यावर वर्तुळं उठत होती.

मी घाबरले. दोन्ही हात काढले, मोठा दिवा लावला आणि एका दमात विचारलं, "मॅडम काय झालं, दुखलं का, मॅनेजरना बोलावू का?" त्या चादर गुंडाळून उठल्या, "काही नाही गं, सॉरी" म्हणाल्या आणि अंगावरचं तेल न धुताच निघून गेल्या. चूक माझी, आणि सॉरी त्या म्हणाल्या. चौदा वर्षं झाली, अजून खुपतं.

आता मी लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये नव्या मुलामुलींना तयार करते. तेलं, स्ट्रोक, टॉवेलच्या घड्या, सगळं कुठल्याही कोर्समध्ये शिकवतात. रडणाऱ्या माणसाजवळ कसं उभं राहायचं हे शिकवत नाहीत. म्हणून हे लिहिते आहे, कामाच्या क्रमाने.

आधी हे समजून घ्या

आपल्याकडे येणारा प्रत्येक जण 'रिलॅक्स व्हायला' आलो असं सांगतो. त्यात बायकोने बळेच पाठवलेला नवरा असतो, सहा महिने नीट झोप न लागलेली टीम लीडर असते, आईचं सगळं आटोपून पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली मुलगी असते. दिवसभर माणूस खांदे, जबडा, पोट आवळून स्वतःला सावरत असतो. अंधारलेली खोली, ऊब आणि हळू फिरणारा हात मिळाला की ही पकड सुटते. तिच्याबरोबर कधी कधी बाकीचंही सुटतं. यात आपलं काही चुकलं असं नसतं, आणि गेस्टचंही नाही.

आपल्या घरांत हे नवं नाही. बाळंतिणीला सव्वा महिना तेल लावायला येणारी मालिशवाली आठवा. बाळंतीण झोपत नाही, बाळाकडे बघत नाही, जेवण ढकलते, हे घरात सगळ्यांत आधी तिच्या हातांना कळायचं. ती ते स्वयंपाकघरात जाऊन बाळंतिणीच्या आईच्या कानावर घालायची. आपल्याला यातलं कळणं तेवढं घ्यायचं आहे. कोणाच्या कानावर घालायचं याचे नियम आपल्याकडे वेगळे आहेत, ते पुढे येतील.

आणि आपण डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. फोनवर कोणी विचारलं, "डिप्रेशनवर शिरोधारा, म्हणजे ती कपाळावरची तेलाची धार, चालते का?" तर उत्तर एवढंच द्या: "आराम वाटतो, बऱ्याच जणांना त्या रात्री झोप छान लागते. उपचार मात्र तुमच्या डॉक्टरांचेच चालू ठेवा." पॅकेज खपवायला 'तणाव कायमचा जाईल' असं सांगणाऱ्यांची मला चीड येते. त्या वाक्यावर विसंबून कोणी गोळ्या बंद केल्या तर निस्तरणार कोण?

पायरी १: फॉर्म भरून घेताना

काउंटरवर, चार माणसांसमोर, हे प्रश्न विचारू नका. बाजूच्या खुर्चीत बसवा, पाणी द्या, स्वतःही बसा. उभं राहून विचारलं की चौकशी वाटते.

"मानसिक आजार आहे का?" असा प्रश्न आमच्या जुन्या फॉर्मवर होता आणि सगळे त्यावर 'नाही' लिहायचे. आता आम्ही तोंडी विचारतो: "रोजच्या काही गोळ्या चालू आहेत का? बीपीच्या, शुगरच्या, झोपेच्या, मनाच्या, कुठल्याही. वाफेत आणि गरम तेलात त्याने फरक पडतो म्हणून विचारते." कारण सांगितलं की लोक सांगतात.

फरक खरंच पडतो. लिथियम नावाची गोळी चालू असलेल्यांना स्टीम किंवा सॉना देऊ नका. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियमचं प्रमाण वाढतं आणि ते धोक्याचं ठरू शकतं. मनाच्या आजारांवरच्या आणखीही काही औषधांनी अंगाला उष्णता सोसत नाही. झोपेच्या किंवा बीपीच्या गोळ्या घेणारा माणूस टेबलावरून झटकन उठला तर भोवळ येऊन पडू शकतो. शंका आली तर स्टीम टाळा, नुसतं अभ्यंग द्या, आणि "डॉक्टरांना विचारून पुढच्या वेळी घेऊ" म्हणा. "एवढ्या गोळ्या कशाला घेता, योगा करा" हे वाक्य तोंडातून चुकूनही काढू नका. प्राणायामावर ज्यांनी १९२४ पासून इथे लोणावळ्यात काम उभं केलं, त्या स्वामी कुवलयानंदांनीही त्याची प्रयोगशाळेत मोजमापं घेतली होती. आपण कोण अंदाजपंचे बोलणार?

जोडप्यात एक जण दोघांचे फॉर्म भरत असेल, तर दुसऱ्याशी खोलीत गेल्यावर एकट्याने बोला. "तुमच्याकडून काही राहिलं असेल तर मला सांगा" एवढं पुरतं.

पायरी २: खोली

खोली छान दिसण्यापेक्षा त्यात भीती वाटेल असं काही नाही ना, हे पाहा. दार आतून कसं उघडतं ते गेस्टला दाखवा. अंधार आणि बंद दार यांनी जीव घाबरा होणारी माणसं पुष्कळ असतात आणि ती तसं सांगत नाहीत. छोटा दिवा राहू द्या. डोळ्यांवरची उशी, अंग गुंडाळायचा रॅप, तोंडाचं भोक, यांतली प्रत्येक गोष्ट विचारून करा. पालथं झोपणं नको असेल तर कुशीवर झोपवून पाठ करता येते. येत नसेल तर सीनियरकडून शिकून घ्या, आठवड्यात एकदा तरी लागतंच.

वासाचं तर आणखी जपा. नाकाचा रस्ता आठवणींच्या आणि भीतीच्या केंद्रांपर्यंत फार जवळून जातो. एका काकांच्या खोलीत मी कापराचं तेल लावलं होतं. ते आत आले, दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "हा वास काढता येईल का? परवाच दहावा झाला आमच्याकडे." तेव्हापासून मी तीन बाटल्या पुढे करते, वास घ्यायला लावते, आणि 'कुठलाच नको' हाही पर्याय सांगते. साधं तिळाचं तेल बिनवासाइतकंच असतं आणि त्याचा वास सहसा कोणाला त्रास देत नाही.

सुरू करण्यापूर्वी क्रम सांगा: "आधी पाठ, मग पाय, मग तुम्ही उताणे व्हाल, शेवटी डोकं. पोटाला लावू का? केसांत तेल चालेल? कधीही नको वाटलं तर नुसता हात वर करा, कारण सांगायची गरज नाही." एक गंमत सांगते. आपल्याकडच्या वयस्कर बायका पायाशी पोचलं की पाय आखडून घेतात. "नको गं, पायाला हात नको लावूस." तिथे समजावत बसू नका, त्यांना खरंच संकोच वाटतो. विचारा, "काकू, टॉवेलवरून दाबू का?" बहुतेक वेळा हो म्हणतात.

पायरी ३: हात

हात आधी ऊबदार करा. पहिला स्पर्श चादरीवरून, पाठीच्या मधोमध, आणि तिथे तीन-चार श्वास हात तसाच राहू दे. मग तेल.

घाई करू नका. त्वचेत मंद, हलक्या कुरवाळण्यालाच सगळ्यांत जास्त प्रतिसाद देणारे मज्जातंतू असतात. साधारण सेकंदाला तीन सेंटिमीटर हा वेग त्यांना भावतो. पट्टी घेऊन स्वतःच्या हातावर करून पाहा, आपण किती पळतो ते कळेल. एक हात उचलला तरी दुसरा अंगावर असू द्या. दोन्ही एकदम गेले की डोळे मिटलेल्या माणसाला 'ही गेली कुठे?' असं होतं.

शिरोधारेत तर खोली सोडायचीच नाही. तेल कोमट आहे ना हे स्वतःच्या मनगटावर पाहा, धार कपाळावर लय धरून फिरवा, डोळ्यांवर कापूस ठेवा. अर्धा-पाऊण तास कपाळावर धार हे कोणाला स्वर्ग वाटतं, तर कोणाला दोन मिनिटांत गुदमरल्यासारखं होतं. भुवया आक्रसल्या, मुठी वळल्या, श्वास वर छातीत आला तर धार बाजूला घ्या आणि हळू आवाजात विचारा. "पैसे भरलेत, आता पूर्ण करू" हा हिशेब आपला, त्यांचा नाही.

आणि बोलू नका. गेस्ट बोलले तर उत्तर द्या, थोडक्यात. शांततेचेच पैसे घेतो आपण.

पायरी ४: रडू आलं तर

इथे जरा थांबून वाचा.

खांदे हलतात, नाक ओढल्याचा आवाज येतो, कधी नुसता श्वास अडकतो. तुमच्या छातीत धस्स होईल. हात काढू नका. जिथे आहेत तिथेच, चादरीवरून, स्थिर ठेवा. आपला स्वतःचा श्वास हळू करा. अर्धा मिनिट जाऊ द्या. मग कानाजवळ नाही, जरा अंतरावरून, नेहमीच्या आवाजात: "मी इथेच आहे. चालू ठेवू, का थोडं थांबू?"

बस. यापेक्षा जास्त काही लागत नाही. बहुतेक जण "चालू ठेवा" म्हणतात. टिश्यू हाताला लागेल असा ठेवा, तोंडासमोर धरू नका. दिवा वाढवू नका. मॅनेजरला बोलावू नका.

"रडू नका" म्हणायचं नाही. "काय झालं?" हेही नाही, सांगायचं असेल तर सांगतील. "माझ्या मावशीचंही असंच झालं होतं" हे तर मुळीच नाही. सगळ्यांत अवघड जातं ते "होईल सगळं ठीक" न म्हणणं, कारण ते आपल्या जिभेवर बसलेलं असतं. तुम्हाला काय माहीत ठीक होईल का? ज्यांचा मुलगा गेला त्यांना काय ठीक होणार? त्यापेक्षा "खूप दिवस अंगावर काढलेलं दिसतंय" किंवा नुसतं "हं" बरं.

सांगायला लागले तर ऐका, हात हळूहळू चालू ठेवून. सल्ला देऊ नका, सासूची बाजू नवऱ्याची बाजू करू नका. वेळ संपत आली तर पाच मिनिटं आधी सांगा, मधेच तोडू नका. पुढची अपॉइंटमेंट असेल तर रिसेप्शनला निरोप द्या की दहा मिनिटं उशीर होईल. कारण देऊ नका.

उठवताना आधी कुशीवर, मग बसतं, मग पाय खाली, मग उभं. रडून झालेला माणूस हलका असतो आणि त्याचा तोलही जातो.

पायरी ५: जीव घाबरा झाला तर

एकदम धडधड, हात कापणं, घाम, मुंग्या, "मला श्वास येत नाहीये, मी मरतेय." पॅनिक अटॅक बहुधा दहा मिनिटांच्या आत कळसाला पोचतो आणि मग उतरतो. उठवून बसवा, पाठीला आधार, पाय जमिनीला टेकवा. गार फरशी लागली तर चांगलंच. दार उघडा, चादर सैल करा पण अंग झाकलेलं राहू दे. "जोरात श्वास घ्या" म्हणू नका, त्याने वाढतं. "माझ्याबरोबर सावकाश सोडा" म्हणा आणि स्वतः करा: चार आकडे घ्यायला, सहा सोडायला. समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. दिवा, टॉवेल, बाटली. डोकं जाग्यावर येतं.

पण छातीत दुखत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, शुद्ध हरपत असेल, किंवा पहिल्यांदाच असं झालेलं वयस्क माणूस असेल, तर 'घाबरलेत' असं स्वतःच ठरवायचं नाही. १०८ ला फोन लावा. अॅम्ब्युलन्स रिकामी परत गेली तरी चालेल.

पायरी ६: जगायचंच नाही, असं कोणी म्हणालं तर

"आता कंटाळा आला, संपवून टाकावंसं वाटतं." हे वाक्य मी चौदा वर्षांत तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा अगदी सहज, छताकडे बघत.

हसण्यावारी नेऊ नका आणि विषयही बदलू नका. सरळ विचारा: "म्हणजे आत्महत्येचे विचार येतात का?" विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटतो. हो म्हणाले तर एकटं सोडू नका. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, त्याऐवजी म्हणा, "मला हे एकटीला पेलणार नाही, आमच्या सीनियरना सांगते." मग टेली-मानस लावून द्या: १४४१६. मानसिक आरोग्याची ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. घरचं कोण बोलवायचं ते त्यांनाच विचारा. तिथल्या तिथे जिवाला धोका वाटला तर ११२ हा आणीबाणीचा नंबर.

काही गेस्ट पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. त्यांना सांगायला ठेवा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा नव्हे, मदत द्यायची, असं ठरलंय.

अंगावर मारल्याचे वळ दिसले, तर तेही इथेच मोडतं. "कुठे लागलं?" एवढं विचारा, पडले म्हणाल्या तर मान्य करा. बरोबर आलेल्या नवऱ्याकडे एक अक्षर काढू नका. आमच्याकडे बायकांच्या बाथरूममध्ये आरशाच्या कडेला १८१ (महिला हेल्पलाइन) आणि १४४१६ हे दोन नंबर छोट्या अक्षरांत लावलेत. कोण टिपून घेतं ते आम्हाला कळत नाही, तेच बरं.

पायरी ७: नंतरची दहा मिनिटं

आलं-गवती चहा, शांत कोपरा, बस. ह्याच वेळी सहा सिटिंगचं पॅकेज आणि तेलाची बाटली विकायची सवय कित्येक ठिकाणी आहे. रडून लाल झालेल्या डोळ्यांसमोर कार्ड मशीन धरणं मला तरी जमत नाही. मॅनेजर ओरडले तर सांगा, संध्याकाळी फोन करून विचारते.

वहीत 'गेस्ट रडल्या, घरी भांडण' असं लिहू नका. 'पालथं नको, कापूर नको, छोटा दिवा' एवढं लिहा. पुढच्या थेरपिस्टला तेच लागतं. स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नावाचं पहिलं अक्षरही नाही. लोणावळा लहान आहे, आणि गेस्टची मावसबहीण याच गावात निघू शकते.

पायरी ८: तुमचं काय?

दिवसाला पाच गेस्ट, त्यातले दोन बोलणारे. मिझोरम, मणिपूर, केरळ, सोलापूर, कुठून कुठून आलेली मुलं स्टाफ क्वार्टरमध्ये राहतात आणि ऐकलेलं सगळं घेऊन झोपायला जातात. दोन गेस्टमध्ये पंधरा मिनिटं मागून घ्या. कोपरापर्यंत हात धुवा, दहा मिनिटं उन्हात उभं राहा. जड झालं तर सीनियरशी बोला, गेस्टचं नाव न घेता. १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

'मन मोकळं करतो' म्हणत कोणी घाणेरडं बोलायला लागला किंवा हात लावला, तर हे सगळं वरचं लागू नाही. टॉवेल टाका, खोलीबाहेर या, लेखी तक्रार द्या. कामाच्या जागेवर बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा गेस्टकडून झालेल्या त्रासालाही लागू होतो. गेस्ट कितीही मोठा असो.

शेवटचं काम सोपं आहे. पहिल्या आठवड्यातच एकदा तुम्ही स्वतः टेबलावर झोपा. पालथे, तोंड भोकात, दिवा मंद, अंगावर चादर, वीस मिनिटं, आणि सहकाऱ्याला, तुम्हाला न सांगता, आत-बाहेर करायला लावा. मागच्या महिन्यात आलेल्या मुलीला मी असं झोपवलं. उठून मला म्हणाली, "मॅडम, तुमची चप्पल वाजते. दर वेळी वाटलं कोणी अनोळखी आत आलं." तेव्हापासून आम्ही सगळे त्या खोलीत अनवाणी जातो.